परदेशी विद्यापीठात एक पाली अध्यापक : धर्मानंद कोसंबी

अध्यापकांच्या परदेशगमनाचा विचार आपल्याकडे बहुधा प्रवासवर्णनाच्या अंगाने होत आला आहे. बोटीवरचे दिवस, कडाक्याची थंडी, शाकाहारी माणसाची जेवणातील अडचण, तेथील ग्रंथालयांचे वैभव, आणि मायदेशी परतल्यावर दिलेली दोनचार व्याख्याने, एवढ्यावर या विषयाची सांगता होते. हे लेखन वाचनीय असते यात शंका नाही. परंतु ज्या व्यवहारास आपण विद्येची देवघेव म्हणतो, त्यात दिले काय, घेतले काय आणि त्याची नोंद शेवटी कोणाच्या नावावर पडली, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो एका व्यक्तीपुरता मांडण्याचा विचार आहे. ती व्यक्ती म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम येथे, ४ जून १९४७ रोजी देह ठेवणारे आचार्य धर्मानंद कोसंबी. सेवाग्रामला आपल्या विद्यार्थ्यांच्या सहली नेहमी जातात; पण पालीच्या अभ्यासाशी त्या जागेचा काही संबंध आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर गेलेले असते.

कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण म्हणावे तर मराठी प्राथमिक इयत्तांपलीकडे फारसे नाही; विश्वविद्यालयाची पदवी तर नाहीच. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने घेतले की, या पुरुषाचा धर्म मुळातून समजून घ्यावयाचा. त्यासाठी १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा फिरत फिरत हा मनुष्य १९०२ मध्ये सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, पोहोचला आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकू लागला. पुढे त्यांनी ब्रह्मदेशातही वास्तव्य केले. हा सारा प्रवास कोणत्याही संस्थेच्या योजनेखाली झालेला नाही. भाडेसुद्धा पुष्कळदा परोपकारी माणसांनी दिलेले होते. तथापि पुढे हार्वर्डला त्यांचा जो उपयोग झाला, त्याची पूर्वतयारी येथेच झाली, म्हणून या दोन देशांतील वास्तव्याकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने जरा बारकाईने पाहणे अवश्य आहे.

पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. ज्या देशात ती गेली त्या देशाची लिपी तिने पत्करली. म्हणून एकच ग्रंथ सिंहली, ब्रह्मदेशी, सयामी, कंबोजी अशा निरनिराळ्या अक्षरांत आढळतो. यात वाचकाला केवळ चार वर्णमाला शिकाव्या लागतात असे नाही. प्रत्येक लिपीचे स्वतःचे चकवे असतात. सिंहली लिपीत ‘च’ आणि ‘व’, ‘त’ आणि ‘न’ या अक्षरांची वळणे इतकी जवळची आहेत की, लेखनिकाचा हात जरा घाईत असला की एकाचे दुसरे होते. ब्रह्मदेशी लिपीत ‘प’ आणि ‘व’ यांच्यातील अंतर एका वर्तुळाचे तोंड उघडे की मिटलेले, एवढेच. त्याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे परंपरेने स्थिर झालेली वर्णरचना. सिंहली पोथ्या ‘विरिय’ असे लिहितात, तर ब्रह्मदेशी पोथ्या ‘वीरिय’; सिंहली पोथीतील ‘व्यञ्जन’ ब्रह्मदेशी पोथीत ‘ब्यञ्जन’ होते. यातील पहिला प्रकार लेखनप्रमाद होय. दुसरा प्रमाद नव्हे, ती त्या त्या देशातील विद्वानांची मान्य रीत आहे. पोथी पुढ्यात ठेवून अक्षरे मोजणाऱ्या संपादकाला हा भेद पोथी सांगत नाही. तो गुरूच्या तोंडून, पाठ करणाऱ्यांच्या पंगतीत बसूनच कळतो. कोसंबी दोन्ही देशांत अशा पंगतीत बसले होते. त्या काळी पाश्चात्त्य विद्यापीठांतील उत्तमोत्तम पाली पंडितांपाशी पोथ्या होत्या, कोश होते, तुलनात्मक व्याकरणाची शिस्त होती. हे शेवटचे धन मात्र सहसा नव्हते.

१९०६ मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथील विश्वविद्यालयाने दरमहा २५० रुपयांची जागा देऊ केली असता त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे वेतन पसंत केले. अट एवढीच होती की, महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाकाठी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहून द्यावे. हा सौदा व्यवहारी माणसाला वेडगळ वाटेल. पण मराठीत पालीचे ज्ञान आणण्याचा त्यांचा हेतू पाहता तो अगदी सुसंगत होता. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा त्यांना पाठिंबा मिळाला आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळण्याची वाट मोकळी झाली.

याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स यांना अशा मनुष्याची निकड होती. त्या निकडीचा इतिहास असा. हेन्री क्लार्क वॉरन हे बॉस्टनचे एक विद्वान गृहस्थ. बालपणीच्या अपघाताने त्यांचा पाठीचा कणा दुखावला होता आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी शरीरपीडा सोशीत अभ्यासात घालविले. पाली ग्रंथांतील वेच्यांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे जीवितकार्य मात्र बुद्धघोषाचार्यांच्या ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हे होते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात रचलेल्या या ग्रंथाचे २३ परिच्छेद आहेत आणि शील, समाधी व प्रज्ञा या क्रमाने सगळ्या थेरवादी विचाराचा त्यात संग्रह केला आहे. वॉरन यांनी चार ताडपत्री पोथ्या मिळविल्या, दोन सिंहली व दोन ब्रह्मदेशी, आणि त्यांवरून रोमन लिपीत संहिता सिद्ध करण्यास आरंभ केला. १८९९ मध्ये, काम अपुरे असतानाच, ते वारले. त्यांचे गुरू आणि हार्वर्ड प्राच्यविद्यामालेचे संपादक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्याकडे ते कागद पडून राहिले. (ज्यांचे संस्कृत वाचनपुस्तक हाताळून आपल्या कित्येक पिढ्यांनी भाषाशास्त्राकडे पाऊल टाकले, तेच हे लॅनमन.) हे अपुरे काम पुरे करण्यासाठी १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेस गेले.

पुढील दीड-दोन वर्षांचे वर्णन प्रवासलेखकाला पुष्कळ सामग्री पुरवील. बॉस्टन व केंब्रिज येथील जीवन, कामगारांच्या प्रश्नांवरील चर्चा, समाजवादाशी झालेला परिचय यांचा त्यांच्या पुढील विचारांवर खोल परिणाम झाला. बुद्धाच्या संघव्यवस्थेकडे ते सामाजिक दृष्टीने पाहू लागले, त्याची मुळे काही अंशी येथे आहेत. ‘निवेदन’ हे त्यांचे १९२४ सालचे आत्मचरित्र विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. मराठी गद्याचा इतका निरलंकार नमुना त्या काळात दुसरा दाखविणे कठीण. आपला प्रश्न निराळा आहे. १९१२ च्या आरंभी कोसंबी काम तडीस न नेता परत आले, ते का?

कारण श्रेयाचे होते. सिद्ध होणाऱ्या ग्रंथावर नाव कोणाचे आणि कोणत्या शब्दांत छापावयाचे, या मुद्द्यावर लॅनमन आणि कोसंबी यांचे पटले नाही. लॅनमन यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न बोलणे अन्यायाचे होईल. वॉरन त्यांचे शिष्य होते. आजारी शरीराने त्या माणसाने आयुष्याची उत्तम वर्षे या ग्रंथाला दिली होती. मालेच्या प्रकाशनासाठी त्यांनी द्रव्यही ठेवले होते. मृत शिष्याचे नाव झाकोळू नये ही गुरूची भावना कोणासही समजण्यासारखी आहे. परंतु कोसंबींची बाजूही केवळ मानापमानाची नव्हती. प्रतिलेखन करणे, निरनिराळ्या प्रतींतील पाठ जुळवून मांडणे आणि त्यांतून संहिता निश्चित करणे, या तीन वेगळ्या क्रिया होत. पहिल्या दोहोंचा मोठा भाग वॉरन यांनी केला होता. तिसरीसाठी वर सांगितलेले परंपरेचे ज्ञान, अट्ठकथा व टीका यांचा दृढ परिचय आणि बुद्धघोषांनी जागोजागी उद्धृत केलेल्या त्रिपिटकवचनांची स्मरणात असलेली स्थळे यांची गरज होती. तो भाग कोसंबी करीत होते. यास ‘साहाय्य’ म्हणावयाचे की ‘संपादन’?

हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही. एकोणिसाव्या शतकापासून आपल्या शास्त्र्यांनी, भिक्षूंनी आणि मुनशींनी परदेशी पंडितांना ग्रंथ वाचून दिले, शंका फेडून दिल्या, आणि प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात त्यांचे आभार मानले गेले. कित्येकदा त्यांची नावेही नाहीत. ‘एका विद्वान ब्राह्मणाने’ किंवा ‘एका स्थविराने’ एवढाच उल्लेख. परंपरागत विद्या ही कच्चा माल आणि तिच्यावर प्रक्रिया करणारी पद्धती ती विद्या, अशी एक न बोललेली वाटणी या व्यवहारात होती. कोसंबी ज्या जागेवर अडून बसले ती जागा नेमकी हीच. पदवी नसलेल्या, इंग्रजी स्वतःच्या कष्टाने शिकलेल्या, परक्या देशात दुसऱ्याच्या वेतनावर राहणाऱ्या माणसाने हे धैर्य दाखविले, याचे महत्त्व मला त्यांच्या कोणत्याही ग्रंथाइतके वाटते.

परत आल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे महाराष्ट्रातील पाली अध्ययनाचा पाया घालणारी ठरली. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत, रं. दे. वाडेकर ही नावे या परंपरेत येतात. बापटांनी १९२४ मध्ये ‘सुत्तनिपात’ नागरी लिपीत संपादून दिला. पुढे तेही हार्वर्डला गेले. ‘विमुत्तिमग्ग’ हा विशुद्धिमग्गाशी निकटचे नाते असलेला ग्रंथ मूळ पालीत उरलेला नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी झालेले त्याचे चिनी भाषांतर तेवढे आहे. बापट चिनी शिकले, दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून त्यांची कलमवार तुलना केली, आणि तो प्रबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरूने पोथ्यांचे वाचन परदेशी नेले. शिष्याने त्याच ठिकाणाहून चिनी साधनांचा उपयोग आणि तुलनेची पद्धती घरी आणली. देवघेवीतील ‘घेव’ म्हणतात ती अशी पिढी ओलांडून होते, दोन वर्षांच्या रजेच्या अखेरीस सादर करावयाच्या अहवालात ती सापडत नाही.

वुड्स यांनी संबंध तोडला नव्हता. त्यांच्या आग्रहाने १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९२२ पर्यंत राहिले. या वेळी कन्या माणिक आणि चिरंजीव दामोदर बरोबर होते. दामोदरचे वय अकरा. वुड्स स्वतः योगसूत्रांचे भाष्यासह भाषांतर करून चुकलेले होते (ते १९१४ मध्ये त्याच मालेत निघाले), त्यामुळे भारतीय शास्त्रग्रंथाचा अर्थ लावताना परंपरेतील वाचकाचे मोल काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे असे मानावयास जागा आहे. १९२० व १९२१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटीने श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांची विशुद्धिमग्गाची आवृत्ती दोन भागांत प्रसिद्ध केली. हार्वर्डचे काम मागे पडले, पण सुटले नाही. १९२६-२७ आणि १९३१-३२ अशा आणखी दोन खेपा कोसंबींनी केल्या. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी संशोधन व अध्यापन केले.

१९२९ मधील लेनिनग्राडची यात्रा याहून निराळी. श्चेर्बात्स्की यांच्या पुढाकाराने तेथे बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था नुकतीच निघाली होती. सोव्हिएट समाजरचना प्रत्यक्ष पाहावी ही कोसंबींची इच्छा होतीच. पण ते तेथे फार काळ राहिले नाहीत. तेथल्या विद्वानांचे लक्ष प्रामुख्याने महायान ग्रंथांकडे, संस्कृत व तिबेटी साधनांकडे आणि बौद्ध न्यायाकडे होते. कोसंबींचे क्षेत्र थेरवादी पाली वाङ्मय. दोन्ही बाजूंस आदर असूनही हातात एकत्र करावयाचे काम नसेल, तर अशी भेट सौजन्याच्या पलीकडे जात नाही, असे माझे मत आहे. हार्वर्डला भांडण झाले तरी एक ग्रंथ होता. लेनिनग्राडला भांडण नव्हते आणि ग्रंथही नव्हता. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कोसंबी तुरुंगात गेले, आणि हा अध्याय तेथेच मिटला.

विशुद्धिमग्गाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हार्वर्डची आवृत्ती रोमन लिपीत, दूर देशी, छपाईच्या प्रतीक्षेत होती. कोसंबींनी तोच ग्रंथ नागरी लिपीत सिद्ध केला आणि १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो प्रसिद्ध केला. लिपी बदलल्याने संहिता बदलत नाही, हे खरे. वाचक मात्र बदलतो. संस्कृत जाणणाऱ्या कोणाही मराठी, हिंदी वा गुजराती अभ्यासकाला पाली ग्रंथ नागरीत मिळाला की, अर्ध्याहून अधिक शब्द ओळखीचे वाटू लागतात; ‘धम्म’ पाहताच ‘धर्म’ दिसतो, ‘निब्बान’ पाहताच ‘निर्वाण’. रोमन लिपीत हे नाते जरा आड जाते. पाली आपल्या भाषाकुलातील आहे, याची जाणीव आपल्या वर्गांत जी निर्माण झाली तिच्यात नागरी आवृत्त्यांचा वाटा ध्वनिनियमांच्या कोष्टकांपेक्षा कमी नाही.

अखेरच्या काळात मधुमेहाने आणि इतर व्याधींनी कोसंबी जर्जर झाले होते. ज्या शरीराकडून काम होत नाही ते इतरांवर भार म्हणून ठेवू नये, अन्न सोडून ते शांतपणे विसर्जित करावे, असा त्यांचा निश्चय झाला. १९४६ मध्ये त्यांनी आरंभिलेला उपवास गांधीजींच्या सांगण्यावरून थांबविला; पुढे ते सेवाग्रामला आले आणि तेथेच महिन्याभराच्या उपवासानंतर त्यांचा अंत झाला. गांधीजी त्या वेळी दिल्लीत होते. ऑगस्ट १९४६ नंतर ते सेवाग्रामला परतलेच नाहीत, त्यामुळे ही शेवटची भेट झाली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभेत त्यांनी कोसंबींचे स्मरण केले.

त्यांच्या स्मारकाला मिळालेले रूप मला फार अन्वर्थक वाटते. त्यांच्या नावाने पालीच्या अध्ययनासाठी सिंहलद्वीपास विद्यार्थी पाठविण्याची शिष्यवृत्ती निघाली. तिचा लाभ घेणारे एक विद्यार्थी म्हणजे पद्मनाभ जैनी. जन्म कर्नाटकातील, बालपणीचे शिक्षण आपल्या विदर्भातील कारंज्याच्या जैन गुरुकुलात. १९४९ ते १९५१ या काळात ते श्रीलंकेत शिकले आणि ‘त्रिपिटकाचार्य’ होऊन आले. पुढे वाराणसी, लंडन, मिशिगन आणि अखेरीस बर्कली येथे त्यांनी बौद्ध व जैन विद्यांचे अध्यापन केले. २०२१ मध्ये ते निवर्तले. कोसंबी १९०२ मध्ये ज्या वाटेने भाड्याची विवंचना करीत गेले होते, ती वाट आता शिष्यवृत्तीची झाली होती.

वर्ध्याचा आणि सिंहलद्वीपाचा हा एकच धागा नव्हे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या येथील राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम १९४० च्या दशकात भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाहिले. त्यांची दीक्षा आणि पाली अध्ययन सिंहलद्वीपात झालेले. १९५९ मध्ये विद्योदय व विद्यालंकार या दोन्ही परिवेणांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतर केलनियाच्या विद्यालंकार विद्यापीठात ते हिंदीचे अध्यापक झाले. पाली शिकावयास गेलेला भिक्षू वर्ध्यास हिंदीचा प्रचारक होतो आणि पुन्हा त्याच बेटावर हिंदी शिकवावयास जातो, हा फेरा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातील बौद्ध अध्ययन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

हार्वर्डचा विशुद्धिमग्ग अखेर १९५० मध्ये, प्राच्यविद्यामालेचा ४१ वा खंड म्हणून बाहेर पडला. तोपर्यंत वुड्स १९३५ मध्ये, लॅनमन १९४१ मध्ये आणि कोसंबी १९४७ मध्ये निघून गेले होते; वॉरन यांना जाऊन तर अर्धशतक उलटले होते. शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे, आणि खाली ‘धर्मानंद कोसंबी यांनी संशोधिलेली’ अशा अर्थाचे शब्द आहेत. चाळीस वर्षांचा वाद एका क्रियापदावर येऊन थांबला. पहिल्या खेपेस देऊ केले होते त्याहून हे अधिक, त्यांनी केलेल्या कामाहून कमी, असे मी त्याचे मोल करीन.

त्याच मालेचा ४२ वा खंड १९५७ मध्ये निघाला. विद्याकराने संग्रहित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ हा तो ग्रंथ होय. त्याच्या शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून दोन नावे आहेत : दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले.